खिडकीतली पुडी

१२ जानेवारी

ताई,

नुसतं पत्र पाठवलं असतं तर पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न उघडताच बाजूला टाकलं असतं, म्हणून पार्सल केलंय. पार्सल तुम्ही उघडणारच. धातूचा तुकडा कुणाचाही असो, उलटसुलट करून पाहिल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, एवढं या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आत आपल्या भट्टीतल्या कांड्या आहेत. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय, कारण प्रत्येक कांडी वेगळ्या घाण्यातली, म्हणजे वेगळ्या वेळी वितळवलेल्या रसातली आहे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर त्या ताणून तोडा आणि कुठली किती जोराला तुटली ते कळवा. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, पण मग बोभाटा झाला असता. तुम्ही आमच्याशी बोलत नाही, हे या वेळी माझ्या पथ्यावर पडलंय.

कृत्रिम पाय बनवणारे आपले जुने गिऱ्हाईक तुम्हाला आठवत असतील. आपण सगळे त्यांना पायवाले काका म्हणायचो. त्यांच्यासाठी आपण अजूनही गुडघ्याचा सांधा ओततो. अ‍ॅल्युमिनियमच्या रसात सिलिकॉन कार्बाइडची पावडर मिसळायची, म्हणजे सांधा हलका राहतो आणि कणखरही होतो. गेल्या महिन्यात त्यांनी काही सांधे परत पाठवले. भोक पाडताना त्यांना बारीक तडे जात होते. काका फोनवर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, यावर माणसं उभी राहतात." नवा माल लावायचं त्यांनी थांबवलंय आणि आधी बसवलेले सांधे ते एकेक करून परत बोलावताहेत. कुणी पडलेलं नाही. अजून नाही, असं लिहायला हवं.

बाबांना यातलं काही माहीत नाही. परत आलेले सांधे मी पावडरच्या खोलीत पिंपामागे ठेवलेत. बाबांची तब्येत ठणठणीत आहे. रोज माझ्याआधी भट्टीवर हजर असतात. जेवतातही व्यवस्थित. डब्यातल्या खाण्याला गुंडाळलेला चकचकीत कागद मात्र हल्ली फेकू देत नाहीत, नीट पुसून घडी घालतात आणि खिशात ठेवतात. म्हातारपणची काटकसर, दुसरं काय.

तुमचा भाऊ नेहमीप्रमाणे लेथच्या आवाजामागे लपून बसलाय. त्याला विचारलं, ताईंना कांड्या पाठवू का? तो म्हणाला, "मला विचारलंस असं सांगू नकोस." म्हणून सांगतेय.

आपलं कधी फारसं जमलं नाही, हे मला मान्य आहे. मी या घरात नवीन असतानाच तुम्ही घर सोडलंत आणि तुमचा भट्टीवरचा एप्रन माझ्या गळ्यात पडला. तो मला अजूनही लांब होतो.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर मिळालं. अर्धं पान, त्यात निम्मे आकडे. वर माझं नाव नाही, खाली तुमची सही नाही. विजेच्या बिलावरसुद्धा याहून जास्त माया असते. पण उत्तर आलं, आणि ते मी एप्रनच्या खिशात ठेवून दिवसभर फिरले, हेही खरं आहे.

तर सगळ्या कांड्या हव्या त्यापेक्षा बऱ्याच कमी जोराला तुटल्या, आणि तुटलेल्या तोंडावर सुईनं टोचल्यासारखी भोकं आहेत. तुमच्या भावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, थोडं तांबं टाकू, जोर वाढेल. तुम्ही तर ते आधीच ओळखून लिहिलंय, "तांबं नको. जोर वाढेल, पण घामानं धातू खाल्ला जाईल. आधी आजार कळू द्या." भावाला चांगलं ओळखता तुम्ही.

तुमचा प्रश्न मात्र मला झोंबला. "मॅग्नेशियम किती घालता, आणि कोण घालतं?" किती हे विचारायचा तुमचा हक्क आहे. कोण हे कशाला?

किती ते सांगते. शंभराला एक, तुम्ही भांडून भांडून सांगत होतात तेवढंच. तुम्ही गेल्यावर वर्षभरात मी काटा आणला. बाबा तेव्हा काट्याकडे पाठ करून उभे राहिले, बस. तेव्हापासून रोज सकाळी मी तुकडे तोलते, पातळ पत्र्यात बांधून पुडी करते आणि भट्टीशेजारच्या खिडकीत ठेवते. रस तयार झाला की बाबांनी ती दांड्याच्या टोकाच्या उलट्या वाटीत धरून मुशीच्या तळाशी दाबायची. तोवर मी पलीकडच्या खोलीत पावडर तापवून आणते.

मॅग्नेशियम कशासाठी हे मला पाठ आहे, ताई. ते नसेल तर पावडर रसात ओली होत नाही, दुधावर कोरडी पावडर तरंगते तशी वर येऊन बसते. शंभराला एक घातलं की रस प्रत्येक कणाला धरतो आणि जोर चढतो. त्याच्यापुढे गेलं की रस घट्ट होतो, ढवळताना आत गेलेली हवा बाहेर पडत नाही आणि चढलेला जोर उतरायला लागतो. सुरुवातीला मला हे खरं वाटायचं नाही. चांगल्या गोष्टीचं जास्त झालं तर इतकं बिघडतं, हे पटायला वेळ लागतो.

माझा संशय नव्या पावडरवर आहे. ओलसर असावी. पाहते.

बाकी सगळं ठीक. परवा जेवताना बाबा म्हणाले, हिचं ताट कुठंय? मी म्हटलं, कुणाचं? त्यांनी स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, पाणी दे. बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो.

भावजय


१९ फेब्रुवारी

ताई,

पावडर कोरडी ठणठणीत निघाली. आणि तुमचा दुसरा कागद आला. तुम्ही कांड्यांचे तुकडे रासायनिक तपासणीला लावलेत आणि मॅग्नेशियम जवळजवळ दुप्पट निघालं. खाली एकच ओळ, तीही अधोरेखित केलेली. "कोण घालतं?"

तुम्ही खमक्या आहात. बरं, सांगते. तुमचा भाऊही हे जाणत नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी मी तापलेली पावडर घेऊन आले, ती रसात सोडली, ढवळणी फिरायला लागली, आणि सगळी पावडर वर येऊन मळीसारखी साचली. बाबा मुशीत बघत उभे होते. म्हणाले, "पावडर खराब दिसते." त्यांच्या मागे खिडकीत पुडी तशीच होती. ती घालायलाच ते विसरले होते. आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहिलेला माणूस, ताई, आणि पुडी हातभर अंतरावर. त्यांनी वळून पाहायच्या आत मी ती उचलून एप्रनमध्ये टाकली. तो घाणा वाया गेला आणि पावडरवाल्याला माझ्यासमोर बाबांच्या शिव्या बसल्या. मी तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. पावडर घेऊन येताना मी आधी खिडकीकडे बघते. बाबा तेव्हा साचे बघायला गेलेले असतात. पुडी तिथेच असेल तर मी ती उचलते, वाटीत धरून रसात दाबते आणि दांडा होता तिथे ठेवते. पहिले काही दिवस पुडी कधी असायची, कधी नसायची. हल्ली ती रोज तिथेच असते. रोज, ताई. म्हणजे ते आता रोजच विसरतात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नव्हते. तुम्ही म्हणाल, त्यांना भट्टीवरून उतरवा. बरोबरच म्हणाल. पण मग त्यांनी दिवसभर करायचं काय? खुर्चीत बसवून ठेवलं तर ते महिन्याभरात संपतील. आणि त्यांना हे सांगायचं कुणी? तुमचा भाऊ सांगणार नाही. मी सून. उरलात तुम्ही.

पण मला काही उलगडत नाही. मी तोलून बांधलेली पुडी एक. ती घालणारा हातही माझा एकच. मग दुप्पट आलं कुठून?

भावजय


६ मार्च

ताई,

आज शांतपणे लिहिणार आहे. हात धुऊन, दार लावून बसलेय.

तुमच्या त्या दुपटीनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. गेल्या आठवड्यात एके सकाळी पावडर तापायला ठेवली आणि मी त्या खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिले. सासऱ्यावर पाळत ठेवणारी सून. माझीच मला लाज वाटत होती.

रस झाला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून चकचकीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, वाटीत धरलं आणि रसात दाबलं. कडेला पांढरा लखकन उजेड झाला. तुम्ही तो उजेड माझ्याआधी हजारदा पाहिलाय. मॅग्नेशियमच. डब्यातला कागद त्यासाठी जमवत होते. दांडा ठेवून ते साचे बघायला निघून गेले, आणि माझी पुडी खिडकीत तशीच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते विसरत नव्हते, ताई. एकदा विसरले आणि ते त्यांना कळलं. पावडरवाल्याला शिव्या देतानाच कळलं असणार. पुन्हा विसरू या भीतीनं त्यांनी घरून निघतानाच तुकडा खिशात टाकायला सुरुवात केली, खिसा जड लागला की आठवण राहते म्हणून. पुडी तशीच पडलेली आणि मागाहून नाहीशी झालेली त्यांना दिसत असणारच. त्यांना वाटलं असेल, तोललेली पुडी ते वापरत नाहीत हे मी घरात कळू देत नाही, म्हणून ती उचलून ठेवते. मी त्यांची लाज झाकत होते आणि ते स्वतःची. दोघांनी मिळून प्रत्येक घाणा बिघडवला.

त्या दिवशी मी पुडीला हात लावला नाही. फक्त त्यांच्या तुकड्यावर घाणा झाला. त्यातली कांडी या पत्रासोबत आहे, पांढऱ्या दोऱ्याची. त्यांनी तुकडा तोललेला नाही, नुसता डोळ्यानं बेतलाय, हे लक्षात ठेवून तोडा.

इथवर असतं तर मी गुपचूप पुडी बंद केली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगते, तोच बेत होता. पण काल एक बाई कारखान्यात आल्या. बसच्या कंडक्टर आहेत. पायवाल्या काकांनी सांधा बदलायला बोलावलं होतं, पण त्यांना हे ओतणारी माणसं बघायची होती, म्हणून काकांना घेऊन त्या थेट इथे आल्या. मी त्यांना आत नेणार तोच बाबा समोर आले. बाईंनी खुर्चीत बसून सरळ पाय सोडवला आणि बाबांच्या हातात दिला. म्हणाल्या, "जिना उतरताना कटकट आवाज यायचा. मला वाटलं, नवा आहे म्हणून येतो."

बाबांनी सांधा उजेडाकडे धरला. तडा केसाएवढा होता. त्यांना चष्म्याशिवाय दिसला.

"पडलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण आता कळल्यावर झोप येत नाही."

काका बोलत गेले आणि सगळंच बाहेर आलं. परत आलेले सांधे, बोलावलेली माणसं. बाबांनी मला पिंपामागचा माल आणायला लावला आणि एकेक सांधा हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी भट्टी बंद केली. दुपारच्या कामाचा रस आत होता, तो त्यांनी तसाच गोठू दिला. खिशातला तुकडा काढून खिडकीत माझ्या पुडीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "माझा डोळा गेला. तिनं सांगितलं होतं."

आणि मी तिथे उभी होते, ताई. एका वाक्याचं काम होतं. पण तुमचा डोळा गेला नाही, वरून माझी पुडी पडत होती, असं सांगायचं तर ती का पडत होती तेही सांगावं लागतं. तुम्ही विसरलात हे मी पाहिलंय आणि रोज तुमच्यामागे उभी राहून पाहतेय, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मी गप्प राहिले. आज ते अंथरुणातून उठले नाहीत.

कांडी लवकर तोडा.

भावजय


१७ मार्च

ताई,

या वेळी तुम्ही वर माझं नाव लिहिलंत. ते बघून मी बाकीचं वाचायचीच विसरले.

पांढऱ्या दोऱ्याची कांडी आजवर आपल्या भट्टीतून आलेल्या सगळ्या कांड्यांपेक्षा जास्त जोराला तुटली. तोंड स्वच्छ, भोक एकही नाही, मॅग्नेशियम जिथे हवं तिथेच. तुम्ही दोनदा तपासलंत, कारण तुमचा विश्वास बसला नाही. शेवटी लिहिलंत, "हे त्यांना तूच सांग. माझ्याकडून ऐकलं तर मी उपकार करतेय असं वाटेल त्यांना." त्या वाक्यावर मी खूप चिडले. मग त्यांच्या खोलीत गेले.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. भट्टी बंद केल्यापासून नुसतं दोन घास खायचे आणि पडून राहायचे. तुमच्या भावानं लेथ सोडून दोनदा येऊन पाहिलं, यावरून काय ते समजा. मी पायाशी बसले आणि तुमचा कागद वाचून दाखवला, आकड्यांसकट. त्यांना वाटलं, मी मन राखायला काहीतरी बनवून सांगतेय. मग मी सगळं सांगितलं. खिडकीतली पुडी, माझा हात, दाराची फट. सून असून सासऱ्यापुढे इतकं बोलले आणि बोलताना रडले, तेही सांगते. माणसं पडली असती, आणि ती माझ्या भलेपणामुळे पडली असती.

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग उठून बसले.

"मी आधी कधी विसरलो?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आठवत होतं.

"आणि नंतर?"

खोटं बोलायचं ठरवून गेले होते, पण जमलं नाही. म्हटलं, भट्टीवर नाही. घरात विसरता. ताईंचं ताट मागता.

ते हसले, ताई. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना इतक्या जवळून हसताना पाहिलं. म्हणाले, "तू घातलंस, मी घातलं. ती असती तर एकदाच पडलं असतं. तिनं दोघांचे हात धरले असते."

कालपासून भट्टी सुरू आहे. पुडी मीच घालते, त्यांच्या समोर, मोठ्यानं सांगून. ते शेजारी उभे राहून रस बघतात आणि कधी ओतायचं ते सांगतात. त्यांचा खिसा सकाळी मी तपासते. चिडतात, पण तपासू देतात. कंडक्टरबाईंना नवा सांधा कालच्याच घाण्यातला जाईल, पण आधी तुम्ही कांडी तोडायची. ही बाबांची अट आहे. प्रत्येक घाण्याची एक कांडी तुमच्याकडे यायची आणि तुमचं उत्तर आल्याशिवाय माल दाराबाहेर जायचा नाही. तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी हेच मागितलं होतंत ना? मला सगळं आठवतंय. त्यांनी ओतलेला तुकडा मोडून तुम्ही दोन्ही अर्धे त्यांच्या ताटाशेजारी ठेवलेत, आणि ते म्हणाले, माझ्या भट्टीवर विश्वास नसेल तर माझ्या घरातही तुझं काम नाही. तुम्ही जेवण टाकून उठलात. मी नवीन सून, वाढायचा चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

ते दोन अर्धे बाबांनी जपून ठेवलेत. काल कपाटातून काढून मला दाखवले आणि म्हणाले, ती आली की मला तिच्याशी याबद्दल बोलायचंय. आज सकाळी पुन्हा काढले आणि पुन्हा दाखवले, पहिल्यांदाच दाखवत असल्यासारखे. तिसऱ्यांदा काढले तेव्हा थोडा वेळ हातात धरून त्यांनी मला विचारलं, हे कुणी मोडलं? मी म्हटलं, ताईंनी. ते म्हणाले, हां, हां. पण ते म्हणायला त्यांना वेळ लागला.

म्हणून कांडी टपालानं पाठवत नाहीये. ती माझ्याकडेच आहे, लाल दोऱ्याची. न्यायला तुम्हीच या. एप्रन धुऊन ठेवलाय, मला लांब होणारा. तुमच्याशी भांडण कशावरून झालं ते त्यांना अजून आठवतंय, आणि चूक कुणाची होती तेही. ते आठवतंय तोवर या, ताई. नंतर आलात तर ते तुम्हाला प्रेमानं जवळ बसवतील, पण माफी कशाची मागायची हेच त्यांना ठाऊक नसेल.

तुमची भावजय